गांडुळाचे तीन थर आणि शंभर खंड: क्ले, टॉर्च आणि एक जिवंत गांडूळ घेऊन समजून घ्या

दहावीला प्राण्यांचं वर्गीकरण शिकताना सगळ्यांनी पाठ केलेलं असतं: वलयी प्राणी म्हणजे त्रिस्तरीय (भ्रूणात बाह्यस्तर, मध्यस्तर, अंतःस्तर असे तीन थर), द्विपार्श्व सममित (डावी-उजवी बाजू सारखी), सत्य देहगुहा (शरीरभित्ती आणि आतडं यांच्यामधली पोकळी) असलेले, उदाहरणं गांडूळ, जळू, नेरीस. मग अकरावीत तेच परत, बीएस्सीला तेच परत जरा मोठ्या शब्दांत, आणि तरीही पोराला विचारलं की बाबा रे, हा मधला थर नक्की कुठेय, गांडुळावर बोट ठेवून दाखव, तर गप्प. मीपण गप्पच असायचो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी गांडुळाच्या आडव्या छेदाच्या आकृतीत नर्व्ह कॉर्ड (मज्जारज्जू) लाल रंगाने रंगवली होती, म्हणजे मध्यस्तरातली, कारण ती दिसते कुठे तर आत, स्नायूंच्याही आत, आतड्याच्या खाली. बाहेरून आलेल्या सरांनी फक्त विचारलं, ही आत कशी गेली? मार्क गेलेच, पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि पुढे क्लास घ्यायला लागल्यावर कळलं की "कशी गेली" हा प्रश्न विचारला तरच हा विषय सुटतो, याद्या पाठ करून सुटत नाही.

तर हा लेख त्यासाठी. एक दुपार पुरते. कापाकापी काहीही करायची नाहीये, कॉलेजातही डिसेक्शन आता जवळपास बंदच झालंय, आणि खरं सांगायचं तर मेलेल्या गांडुळापेक्षा जिवंत गांडूळ आणि तीन रंगांची क्ले जास्त शिकवतात.

सामान: निळी, लाल आणि पिवळी क्ले (पोरांची साधी, पाकीटवाली चालते), एक स्ट्रॉ, थोडा कापूस, शिवणाचा दोरा, पांढरी प्लेट, ओला वर्तमानपत्राचा कागद आणि एक कोरा कडक कागद, भिंग असेल तर उत्तम, मोबाईलचा टॉर्च आणि त्यावर लावायला लाल जिलेटिन पेपर, आणि तो जत्रेत मिळतो तसा लांबडा फुगा. रंग मुद्दाम हेच घ्या, भ्रूणविज्ञानाच्या आकृत्यांमध्ये बाह्यस्तर निळा, मध्यस्तर लाल, अंतःस्तर पिवळा अशी जुनी पद्धत आहे, आत्ताच डोळ्यांना सवय लागली तर पुढे कुठलीही आकृती उघडली की अर्धं काम झालेलं असतं.

स्टेप १: गांडूळ आणा, पण कुठलं आणलंय ते आधी बघा

पहिल्या दोन-तीन पावसांनंतर अंगणात, कुंडीखाली, शेताच्या बांधावर गांडूळ मिळतंच. गावाकडे कुणी शिदोड म्हणेल, कुणी दानवे, कुणी काडू, प्राणी तोच. हात ओले करून उचला, कोरड्या हाताने नको, त्याचा श्वास त्वचेतून चालतो आणि त्वचा ओली असली तरच चालतो. ओल्या कागदावर ठेवा, उन्हात नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत मातीत सोडा. मीठ टाकून वळवळ बघायचा प्रकार करू नका, त्यातून काहीही कळत नाही, त्याला फक्त त्रास.

आता इथे एक घोळ होतो जो कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या पुस्तकांतलं गांडूळ म्हणजे फेरेटिमा पोस्थुमा, आता शास्त्रज्ञ त्याला मेटाफायर पोस्थुमा म्हणतात. लखनऊच्या कर्म नारायण बहल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गांडुळावर, विशेषतः त्याच्या उत्सर्जनाच्या नलिकांवर, बारकाईने काम केलं, आणि देशभरातल्या लॅबमध्ये हेच गांडूळ घरचं होऊन बसलं. पण तुम्ही गांडूळखताच्या खड्ड्यातून आणलंत तर ते बहुतेक वेळा आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी असतं, दोन्ही मुळात बाहेरून आणलेली. मग पुस्तक उघडून खंड, म्हणजे अंगावरची एकेक कडी, मोजायला बसलात की काहीच जुळत नाही आणि वाटतं आपणच चुकतोय.

ओळखायची सोपी पद्धत अशी. गांडुळाच्या अंगावर एक जाडसर, वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, त्याला क्लायटेलम म्हणतात, पूर्ण वाढ झाली की तो दिसतो, पिल्लांना नसतो. तोंडाकडून खंड मोजत या. फेरेटिमात हा पट्टा १४, १५ आणि १६ या तीनच खंडांवर, अंगठीसारखा पूर्ण गोल असतो. आयसेनियात तो बराच मागे, साधारण पंचविसाव्या-सव्विसाव्या खंडापासून बत्तिसाव्यापर्यंत, आणि खोगिरासारखा, खालून उघडा. मोजताना तोंडावर जो छोटा ओठासारखा लोंबता भाग असतो, प्रोस्टोमियम, तो मोजायचा नाही. का नाही ते पुढे क्ले करताना कळेल, आत्ता फक्त लक्षात ठेवा की तो खंड नाहीये.

स्टेप २: जिवंत गांडुळावर तीन गोष्टी बघा

पहिली, वर कुठलं आणि खाली कुठलं. पाठ गडद असते आणि पाठीच्या मध्यातून एक काळसर-लाल रेघ जाते, ती पाठीकडची रक्तवाहिनी, त्वचेतून आरपार दिसते. शेपटीकडे टॉर्च मारून (लाल कागद लावूनच, लाल उजेड त्याला फारसा जाणवत नाही, पांढरा मारलात की पळ काढतो) भिंगातून एका जागी डोळे ठेवा. रेघ आकुंचन पावतेय, आणि ती लाट मागून पुढे चाललीये. रक्त या वाहिनीत शेपटीकडून डोक्याकडे जातं, पोटाकडच्या वाहिनीत उलटं. रक्त लाल आहे, पण हिमोग्लोबिन आपल्यासारखं पेशींत भरलेलं नाही, द्रवातच विरघळलेलं आहे. पहिल्यांदा ही लाट दिसली ना, की पोरं अक्षरशः रांग लावतात बघायला.

दुसरी, आवाज. गांडूळ अलगद कोरड्या कडक कागदावर ठेवा, खोलीतला पंखा बंद करा, कान जवळ न्या. बारीक खरखर ऐकू येते. ते दृढरोम, म्हणजे अंगावरचे बारीक ताठ केस (setae), कागदावर घासताहेत. फेरेटिमात ते प्रत्येक खंडाभोवती कडं केल्यासारखे गोल असतात, पहिला खंड, शेवटचा खंड आणि क्लायटेलम सोडून. आयसेनियात मात्र प्रत्येक खंडाला चारच जोड्या. मग लगेच परत ओल्या कागदावर घ्या.

तिसरी गोष्ट नेहमी दिसेलच असं नाही. गांडूळ जरा वैतागलं की पाठीवरच्या बारीक छिद्रांमधून एक द्रव सोडतं. आयसेनियाचा तर पिवळट आणि चांगलाच वासाचा असतो, फेटिडा या नावातच दुर्गंध आहे. हात धुवायला उठायच्या आधी एक सेकंद थांबून त्या थेंबाकडे बघा, कारण हे जे बोटाला लागलंय ते देहगुहेतलं पाणी आहे. जी देहगुहा आपण पुस्तकात एक पांढरी मोकळी जागा म्हणून काढतो ती मोकळी नाहीच, ती गच्च भरलेली आहे, आणि तिची छिद्रं खंडाखंडाच्या सांध्यावर पाठीतून बाहेर उघडतात. फेरेटिमात पहिलं छिद्र १२ आणि १३ च्या मधल्या खाचेत.

झालं, आता त्याला सोडून या आणि हात धुऊन क्ले घ्या.

स्टेप ३: क्लेचं गांडूळ, आणि इथे घाई करू नका

आधी दोन ओळी अंड्याबद्दल. वलयी प्राण्यांच्या अंड्याचं विभाजन सर्पिल असतं, म्हणजे पहिल्या चार मोठ्या पेशी, ए, बी, सी आणि डी, त्या वरच्या बाजूला छोट्या पेशींचे चौकडे सोडत जातात आणि प्रत्येक चौकडा जरासा फिरून बसतो, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. अमेरिकेतल्या एडमंड बीचर विल्सन यांनी १८९२ साली नेरीसच्या अंड्यात प्रत्येक पेशीचा माग काढला, कुणाची लेक कोण, तिचं पुढे काय झालं, अगदी वंशावळ लिहावी तसं. त्यातली एक पेशी महत्त्वाची, चौथ्या चौकड्यातली डी कडची, तिला ४डी म्हणतात. ती दुभंगते, एक भाग डावीकडे, एक उजवीकडे, आणि शरीराच्या खंडांमधला जवळपास सगळा मध्यस्तर या दोन पेशींपासून येतो. दोन पेशी! त्या मागच्या टोकाला बसतात आणि पुढच्या दिशेने एकेक पेशी सोडत पट्टा तयार करतात, शेवया पाडतो तसं. जळू आणि गटारातल्या ट्युबिफेक्स या कृमीमध्ये तर अशा मोठ्या पेशींच्या पाच जोड्या असतात, एम नावाची जोडी मध्यस्तराची आणि एन, ओ, पी, क्यू या चार बाह्यस्तराच्या.

आता करायला घ्या.

पिवळी क्ले लाटून स्ट्रॉभोवती गुंडाळा, साधारण दहा सेंटीमीटर लांब. हा अंतःस्तर, म्हणजे आतड्याचं अस्तर. फक्त अस्तर बरं का, अख्खं आतडं नाही. हा फरक आत्ता सोडलात तर पुढे सगळं घसरतं.

लाल क्लेच्या दोन सारख्या वळ्या करा, पिवळ्या नळीच्या डाव्या-उजव्या बाजूला, जराशा खालच्या अंगाला ठेवून बघा. हे मध्यस्तराचे दोन पट्टे. भ्रूणात ते असेच भरीव असतात, पोकळी वगैरे काही नाही. आता दोन्ही वळ्या सुरीने सारख्या आठ-आठ तुकड्यांत कापा, डोक्याकडून सुरुवात करून. डोक्याकडून का, तर भ्रूणात पुढचा खंड सगळ्यात आधी तयार होतो आणि नवे मागे जोडले जातात.

हे मी पोरांना लोकलच्या गाडीवरून सांगतो. पुढे मोटरमनची केबिन, मागे गार्डची केबिन, आणि डबे वाढवायचे झाले तर गार्डच्या केबिनच्या लगेच पुढे जोडायचे असं समजा. पुढची केबिन म्हणजे प्रोस्टोमियम आणि मागची पायजिडियम, ज्यात गुदद्वार असतं, दोन्ही डबे नाहीत म्हणून मोजायचे नाहीत. सगळ्यात तरुण खंड कुठला? पायजिडियमच्या अगदी पुढचा. याच्या उलट पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म, त्याचे तुकडे मानेजवळ तयार होतात आणि जुने मागे ढकलले जातात, शिवाय त्याला देहगुहाही नाही, त्यामुळे तो दिसायला खंडांचा असला तरी या घरातला नाही. परीक्षेत दोघांना एकाच ओळीत बसवणारे दरवर्षी भेटतात.

आता खरं काम. लाल तुकडा घ्या, बोटांनी दाबून पारी करा, मध्ये कापसाचा छोटा गोळा ठेवा आणि मोदकासारखा बंद करा. सगळे सोळा तुकडे असेच. हो, सोळा, कंटाळा आला तरी करा, हात चालला की डोकं चालतं. कापूस म्हणजे देहगुहेतला द्रव. इथे एक प्रामाणिक कबुली, भ्रूणात बाहेरून कुणी सारण भरत नाही, भरीव ठोकळा आतूनच फाटतो आणि पोकळी तयार होते, तिला शायझोसील म्हणतात, फाटून झालेली देहगुहा. तारामाशाच्या घराण्यात ती वेगळ्या वाटेने येते, आद्य आतड्याला बाजूला फुगे येऊन. क्लेमध्ये फाडून दाखवता येत नाही म्हणून मोदक.

मोदक पिवळ्या नळीला दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने चिकटवा आणि हळूहळू दाबत वर आणि खाली पसरवा, इतके की डावा आणि उजवा मोदक आतड्याच्या वर एकमेकांना भेटले पाहिजेत आणि खालीही भेटले पाहिजेत. पुढचा-मागचा मोदकही एकमेकांना टेकलेला हवा.

आता खालच्या बाजूला, जिथे दोन लाल भिंती भेटतात तिथे, निळ्या क्लेची एक बारीक दोरी लांबीने ठेवा आणि बोटाने हलकेच आत दाबा. मग निळ्या क्लेची पातळ पोळी लाटून सगळ्याभोवती गुंडाळा. दोन्ही टोकांना पोळीची कड स्ट्रॉच्या तोंडातून थोडी आत दुमडा, स्ट्रॉ हळूच काढून घ्या. टोकांची ही दुमड विसरू नका, तोंडाच्या पोकळीचं आणि अगदी शेवटच्या भागाचं अस्तर बाह्यस्तराचंच असतं, पिवळं मधल्या लांबीतच.

आणि ती निळी दोरी, तीच माझे मार्क घालवणारी नर्व्ह कॉर्ड. तिची सुरुवात पोटाकडच्या बाह्यस्तरात होते आणि मग ती आत जाते. कुठे बसलीये यावरून थर ठरत नाही, कुठून निघाली यावरून ठरतो. जळूच्या भ्रूणात तर हे अगदी नावानिशी दाखवता येतं, त्या पाच जोड्यांमधल्या एन जोडीची संतती मुख्यतः मज्जारज्जूतच जाऊन बसते.

स्टेप ४: दोऱ्याने कापा आणि बघा

मॉडेल दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर रंग एकमेकांत फासले जातात आणि तुम्ही मलाच शिव्या द्याल. मग शिवणाचा दोरा ताणून एका मोदकाच्या बरोब्बर मधून आडवं कापा. कापूस चिमट्याने काढून टाका.

आता शांतपणे बघा. बाहेर निळं. त्याला आतून चिकटलेलं लाल. मग पोकळी. मग परत लाल, पिवळ्याला बाहेरून चिकटलेलं. मग पिवळं. म्हणजे एकाच मोदकाची बाहेरची भिंत त्वचेला जाऊन चिकटली आणि तिचे शरीरभित्तीचे स्नायू झाले, आतली भिंत आतड्याला चिकटली आणि तिचे आतड्याचे स्नायू झाले. माझ्या मते वलयी प्राण्यांची अख्खी शरीररचना या एका पोकळ लाल ठोकळ्यात आहे, बाकी सगळं तपशील.

पटत नसेल तर मोजा. डावा-उजवा मोदक जिथे वर आणि खाली भेटले, तिथे दुहेरी लाल पडदा, ते आंत्रबंध, मेसेंटरी, प्रौढ गांडुळात त्यातला पाठीकडचा बहुतेक नाहीसा होतो. पुढचा-मागचा मोदक जिथे टेकले, तिथेही दुहेरी लाल पडदा, ते सेप्टम, म्हणजे दोन खंडांमधली आडभिंत. बाहेरून जी खाच दिसते तिच्या आत ही भिंत असते. रक्तवाहिन्या कुठे? या थरांच्या मधे राहिलेल्या फटींमध्ये, म्हणून तर मुख्य वाहिन्या बरोब्बर वर आणि खाली, जिथे मोदक भेटतात त्याच रेषेत. सत्य देहगुहा का म्हणायचं? कारण पोकळीच्या सगळ्या बाजूंना लाल आहे. गोलकृमीत लाल फक्त बाहेरच्या बाजूला असतं, आतडं तसंच नागडं पिवळं, म्हणून ती आभासी देहगुहा. चपट्या कृमीत मोदकात पोकळीच नाही, सगळं भरीव. हायड्रात तर लालच नाही. चार प्राण्यांतला फरक पाठ न करता कळला का नाही?

फेरेटिमाच्या बाबतीत एक टीप, आडभिंती अगदी पहिल्या खंडापासून नसतात, पहिली ४ आणि ५ च्या मधे, आणि ९ व १० च्या मधली तर नसतेच. पुस्तकातली आकृती नेहमी आतड्याच्या मागच्या भागातली असते, त्यामुळे हे दिसत नाही.

स्टेप ५: आता स्लाइड किंवा आकृती काढा

कॉलेजात फेरेटिमाच्या आडव्या छेदाची कायमस्वरूपी स्लाइड असते, सूक्ष्मदर्शकाखाली लावून घ्या, नसेल तर आकृती समोर ठेवा. बाहेरून आत चाला, आणि प्रत्येक थराला रंग विचारा.

सगळ्यात बाहेर क्युटिकल, पातळ, पेशी नसलेलं, ते खालच्या एपिडर्मिसने (त्वचेच्या पेशींच्या थराने) स्रवलेलं, म्हणून दोन्ही निळ्या खात्यात. मग वर्तुळाकार स्नायूंचा पातळ थर, लाल. मग लांबीच्या दिशेचे स्नायू, जाड, छेदात पिसांच्या जुडग्यांसारखे दिसतात, लाल. मग पोकळीचं बाहेरचं अस्तर, लाल. पोकळी. मग आतड्याबाहेरच्या पिवळसर क्लोरागोजेन पेशी, आणि इथे सगळे फसतात, रंग पिवळसर, जागा आतड्यावर, म्हणून अंतःस्तर असं लिहून मोकळे होतात. त्या पोकळीच्या आतल्या अस्तरापासूनच बनलेल्या आहेत, म्हणजे लाल. मग आतड्याचे स्नायू, आणि यात एक गंमत आहे, शरीरभित्तीत वर्तुळाकार बाहेर आणि लांबीचे आत, आतड्यात उलट, लांबीचे बाहेर आणि वर्तुळाकार आत. आकृतीत हा क्रम बरोबर काढणारा विद्यार्थी परीक्षकाला लगेच कळतो. मग शेवटी आतलं अस्तर, एवढंच पिवळं.

आतड्याच्या छतातून आत लोंबणारी घडी म्हणजे टिफ्लोसोल. फेरेटिमात ती सव्विसाव्या खंडाच्या आसपास सुरू होते, शेवटचे काही खंड सोडून. ती अन्न शोषायला जागा वाढवते. अख्खी टिफ्लोसोल पिवळी रंगवू नका, ती भिंतीची घडी आहे, पृष्ठभाग पिवळा, गाभा नाही. आतड्यावर पाठीची रक्तवाहिनी, आतड्याखाली पोटाची, तिच्याखाली नर्व्ह कॉर्ड, निळी, आणि तिच्याही खाली एक बारीक वाहिनी, सबन्यूरल. नर्व्ह कॉर्ड निळी हे आता सांगायला नको.

स्टेप ६: फुग्याने समजून घ्या की एवढा खटाटोप कशाला

लांबड्या फुग्यात पाणी भरा, तोंड बांधा. मधे दाबा, दोन्ही टोकं फुगतात. पाणी दबत नाही, सरकतं, गांडुळाचा सांगाडा हाच. वर्तुळाकार स्नायू आवळले की खंड बारीक आणि लांब, लांबीचे आवळले की जाड आणि आखूड, जाड झालेल्या जागी दृढरोम बाहेर येऊन मातीत रुततात आणि बाकीचं अंग पुढे सरकतं. लाट पुढून मागे जाते, गांडूळ पुढे. ओल्या कागदावर चालताना नीट बघितलं असेल तर दिसलं असेल.

आता तोच फुगा जत्रेतला फुगेवाला कुत्रा बनवताना पिळतो तसा तीन-चार ठिकाणी पिळा. एक भाग दाबा, दुसरा ढिम्म. आडभिंतींचं काम हे, पुढचे दहा खंड बारीक आणि मागचे दहा जाड, एकाच वेळी, पुढच्याचा दाब मागे जात नाही. आतडं, रक्तवाहिन्या, नर्व्ह कॉर्ड मात्र सगळ्या डब्यांतून आरपार जातात, आणि दृढरोम, नर्व्ह कॉर्डवरची गाठ, उत्सर्जनाच्या नलिका हे प्रत्येक डब्याचं आपापलं.

हे खरं आहे की नाही ते जळूवरून ताडून बघा, पावसाळ्यात सह्याद्रीतल्या दाट जंगलात फिरलात तर ती स्वतःच भेटायला येते. जळूतही भ्रूणात हेच लाल ठोकळे होतात, पण पुढे आडभिंती जातात आणि देहगुहा बोट्रिऑइडल ऊतीने भरून जाते. मग पिळलेल्या फुग्यासारखं सरकणं जमणारच नाही, म्हणून ती दोन चूषकांवर कमान करत चालते, मागचं घट्ट, पुढचं टाक, मागचं ओढ. दृढरोमही नाहीत. आणि तिचे खंड मोजायला गेलात तर फसाल, मधल्या भागात एका खंडावर बाहेरून पाच-पाच वळ्या असतात, मी एकदा शंभराच्या आसपास मोजून मोठ्या अभिमानाने वहीत लिहिले होते. आपल्याकडच्या पुस्तकांप्रमाणे जळूचे खंड ३३, लहान असो मोठी असो. गांडुळात मात्र आकडा ठरलेला नाही, फेरेटिमाचे साधारण १०० ते १२०.

नेरीस तिसऱ्या टोकाला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला चिखलात, दगडांखाली असले समुद्री वलयी प्राणी सापडतात, प्रत्येक खंडाला दोन बाजूंना परापाद, म्हणजे पायांसारख्या झालरी. त्यांच्या अंड्यातून थेट पिल्लू येत नाही, आधी ट्रोकोफोर नावाचा केसांचा पट्टा असलेला, भोवऱ्यासारखा डिंभ (लार्व्हा) पोहतो, आणि त्याच्या मागच्या टोकाला खंड जोडले जातात. डिंभाचा वरचा भाग पुढची केबिन होतो, मागचं टोक मागची केबिन. गांडूळ आणि जळू यांनी हा डिंभच गाळलाय, क्लायटेलमने बनवलेल्या कोषात थेट छोटं गांडूळ तयार होतं.

आता नेहमी येणारा एक प्रश्न, गांडूळ मधून कापलं तर दोन होतात का? नाही. आपल्या नेहमीच्या गांडुळात पुढचा तुकडा जगला तर त्याला बऱ्याचदा नवी शेपटी येते, मागच्या तुकड्याला नवं डोकं येऊन दुसरं गांडूळ होत नाही. लुंब्रिक्युलससारख्या पाण्यातल्या काही जातींना जमतं, आणि तिथूनच ही समजूत पसरली असावी. मॉडेलवर बघा, पुढच्या तुकड्याचं काम मागे नवे मोदक जोडत जाणं, जे त्याचं शरीर आयुष्याच्या सुरुवातीला करतच होतं, मागच्या तुकड्याला मात्र तोंड, मेंदू, अगदी सगळं नव्याने मांडायचंय.

मॉडेल फेकू नका, झाकणाच्या डब्यात राहतं आठवडाभर. पुढच्या वेळी मोदकाच्या मधून नाही, दोन मोदकांच्या बरोब्बर सांध्यावर कापा, पोकळी दिसणार नाही, सगळीकडे लालच लाल दिसेल, मधे पिवळं कडं आणि खाली निळा ठिपका. स्लाइड बघताना असा छेद समोर आला आणि वाटलं की या गांडुळाला देहगुहाच नाही, तर घाबरू नका, छेद आडभिंतीतून गेलाय.